परवाना

आमच्या घरात ‘परवाना’ हा शब्द दोन अर्थांनी चालायचा. अब्बा गावच्या पोस्टात पोस्टमन. त्यांच्या बोलण्यात परवाना म्हणजे सरकारी परवानगी. एकेकाळी घरात रेडिओ बाळगायचा तर त्याचाही परवाना लागे आणि तो पोस्टातच काढावा लागे, हे आजच्या मुलांना सांगूनही खरं वाटणार नाही. अम्मीच्या बोलण्यात मात्र परवाना म्हणजे दिव्याभोवती घिरट्या घालणारा पतंग. पावसाळ्यात कंदिलाच्या काचेवर तो टपटप आपटायचा, तेव्हा ती म्हणायची, ‘‘बघ, आला परवाना.’’ एकच शब्द, पण एका बाजूनं कागद आणि दुसऱ्या बाजूनं पंख. पुढं मी कवितेच्या नादाला लागलो, त्याचं मूळ कदाचित या शब्दात असेल.

पण आज मला कवितेबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते एका इंजिनाच्या, छोट्याशा विमानाबद्दल. त्याचं नावही पतंगाचंच होतं. ‘पुस मॉथ’.

या विमानाशी माझी ओळख रेडिओनं करून दिली. ऑक्टोबर १९८२. मी सहावीत होतो. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं खाडीकाठचं गाव. संध्याकाळी अब्बा सायकल पडवीत लावून बातम्या ऐकत बसलेले. बातमी आली, की जे. आर. डी. टाटा यांनी वयाच्या ७८व्या वर्षी एक छोटं विमान एकट्यानं चालवत कराचीहून मुंबई गाठली. बरोबर ५० वर्षांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, याच वाटेनं त्यांनी टपालाच्या थैल्या आणल्या होत्या, त्याची ही आठवण. टपाल म्हटल्यावर अब्बांनी आवाज वाढवला. अम्मी स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी बाहेर आली. तिला ना विमानाशी देणंघेणं, ना टाटांशी. तिनं फक्त ‘कराची’ एवढाच शब्द ऐकला होता.

तिची थोरली बहीण, माझी खाला, फाळणीच्या आधी लग्न होऊन कराचीला गेली होती. कोकणातली कितीतरी मुसलमान कुटुंबं तेव्हा पोटापाण्यासाठी तिकडं जात. मुंबईला जावं तसं कराचीला जावं, एवढंच ते अंतर. पुढं मध्ये सरहद्द आली. १९७१च्या युद्धात टपाल बंद पडलं, १९७४च्या करारानंतर पुन्हा सुरू झालं. खालाचं पत्र यायला तीन-तीन आठवडे लागत.

‘‘किती वेळ लागला म्हणे त्यांना?’’ अम्मीनं विचारलं.

‘‘एका दिवसात आले,’’ अब्बा म्हणाले.

अम्मी काही बोलली नाही. हात पदराला पुसून आत गेली.

त्या दिवसापासून हे विमान माझ्या डोक्यात घर करून राहिलं. मी साधा बी.ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. यंत्रातलं मला काही कळत नाही. पण जिथं जिथं या विमानाबद्दल वाचायला मिळालं, तिथं तिथं थांबत गेलो. वाचता वाचता लक्षात आलं, की या विमानाचे दोन इतिहास आहेत. एक पोचलेल्यांचा. तो सगळे सांगतात. दुसरा न पोचलेल्यांचा. पहिल्याचा अर्थ दुसऱ्याशिवाय लागत नाही.

विमानाला पतंगाचं नाव का पडलं, ते आधी सांगतो. इंग्लंडमधले जेफ्री डी हॅविलंड हे विमानांचे नामवंत रचनाकार. त्यांना फुलपाखरं आणि पतंग यांचा मोठा छंद. १९२५ साली त्यांनी सामान्य माणसाला झेपेल असं दोन आसनांचं हलकं विमान तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘मॉथ’. त्याचे पंख मागं दुमडून ठेवता येत. पतंग मिटून बसतो तसंच. पुढं नवं इंजिन आलं, त्याचं नाव ‘जिप्सी’, आणि विमान झालं ‘जिप्सी मॉथ’. जगभरातल्या फ्लाइंग क्लबांत ही विमानं पोचली. आपल्याकडं मुंबईचा फ्लाइंग क्लब १९२८ साली स्थापन झाला. जे. आर. डीं.ना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना. त्यावर आकडा होता १.

जिप्सी मॉथची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. इंग्लंड ते भारत हा प्रवास एकट्यानं, एका महिन्याच्या आत विमानानं करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. १९३० साली तिघे जण जिप्सी मॉथ घेऊन निघाले. मनमोहन सिंग, १७ वर्षांचे अस्पी इंजिनियर आणि जे. आर. डी. अस्पी इंग्लंडहून इकडं येत होते, जे. आर. डी. कराचीहून तिकडं निघाले होते. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली. अस्पींच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि ते अडकून पडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग त्यांना दिले. ते प्लग लावून अस्पी कराचीला पोचले आणि जे. आर. डीं.च्या आधी पोचून बक्षीस जिंकले. हेच अस्पी इंजिनियर १९६० साली भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. त्या काळच्या आकाशात माणसं इतकी थोडी होती, की प्रतिस्पर्धीसुद्धा सोबती वाटत असावा.

जिप्सी मॉथमध्ये एक मोठी अडचण होती. बसायची जागा उघडी. वारा, पाऊस, ऊन, तेलाचे शिंतोडे, सगळं तोंडावर. चामड्याची टोपी आणि जाड चष्मा घातल्याशिवाय गत्यंतर नाही. शेजाऱ्याशी बोलायचं तर ओरडायचं. लांबच्या प्रवासात माणूस थंडीनं आणि आवाजानं अर्धमेला व्हायचा. म्हणून डी हॅविलंड यांनी बंदिस्त केबिनचं विमान काढलं. सप्टेंबर १९२९मध्ये त्याचा पहिला नमुना उडाला आणि १९३०पासून विमानं कारखान्यातून बाहेर पडू लागली. हाच ‘पुस मॉथ’. इंग्रजीत लाडानं मांजराला ‘पुस’ म्हणतात, आपण ‘मनी’ म्हणतो तसं. मांजरासारखी मऊ लव अंगभर असलेला एक पतंग तिकडं असतो, त्याचं हे नाव.

विमान कसं होतं? आधीच्या मॉथला वर एक आणि खाली एक असे दुहेरी पंख होते. याला पंखांची एकच जोडी, तीही छताच्या पातळीवर. अंगाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडी आणि वरून कापडाचं आवरण. लांबी २५ फूट, पंखांचा विस्तार पावणेसदतीस फूट. रिकाम्या विमानाचं वजन ५७४ किलो. म्हणजे आपल्या जुन्या मारुती ८०० गाडीपेक्षाही हलकं! आत चालक आणि त्याच्यामागं एक, फार तर दोन माणसं. पुढं चार सिलिंडरचं, १२० अश्वशक्तीचं जिप्सी इंजिन. वेग जास्तीत जास्त ताशी २०६ किलोमीटर.

या इंजिनाची गंमत अशी, की ते उलटं बसवलेलं होतं. एरवी सिलिंडर वर उभे असतात, इथं ते खाली लोंबकळणारे. कारण साधं आहे. सिलिंडर वर असले की ते चालकाच्या डोळ्यांसमोर भिंतीसारखे येतात. इंजिन उलटं केल्यावर समोरचं दिसायला लागलं, आणि पंखाही जमिनीपासून उंच राहिला. छताला पंख असल्यामुळं खालची जमीन स्वच्छ दिसायची. त्या काळी हा मोठाच फायदा. आकाशात वाट दाखवणारं दुसरं काही नव्हतं. रेल्वेचे रूळ, नदीचं पात्र, समुद्राचा किनारा हेच मैलाचे दगड. मात्र हेच पंख वरचं आकाश झाकून टाकत. वळण घेताना ज्या बाजूला वळायचं तीच बाजू पंखाआड जायची.

आणखी एक गोष्ट. हे विमान अंगानं इतकं सडपातळ होतं, की हवेत सहज तरंगायचं. हा गुण, पण उतरताना तोच अवगुण व्हायचा. जमीन जवळ आली तरी गडी खाली टेकायला तयार नाही! त्यावर शोधलेला उपाय मला फार आवडतो. चाकांच्या पायांवर हवा कापण्यासाठी चपटी आवरणं होती. केबिनमधला दांडा फिरवला की ती आवरणं आडवी होत आणि वाऱ्याला अडवत. धावत्या बैलाची कासरा ओढून चाल धीमी करावी, तसं. झाला हवेतला ब्रेक.

इंग्लंड आणि कॅनडा मिळून अशी २८४ विमानं तयार झाली. आकडा मोठा नाही. पण या मूठभर विमानांनी चार वर्षांत जग पालथं घातलं. १९३१च्या उन्हाळ्यात एमी जॉन्सन ही इंग्लंडची वैमानिक आपल्या मेकॅनिकला सोबत घेऊन लंडनहून टोकिओला गेली. पहिल्याच दिवशी तिनं मॉस्को गाठलं होतं. त्याच वर्षी बर्ट हिंकलर या ऑस्ट्रेलियन माणसानं दक्षिण अटलांटिक महासागर एकट्यानं ओलांडला. ऑगस्ट १९३२मध्ये जिम मॉलिसन आयर्लंडच्या किनाऱ्यावरून निघाला आणि ३० तासांहून अधिक काळ एकटा उडत कॅनडात उतरला. पूर्वेकडून पश्चिमेकडं, म्हणजे समोरच्या वाऱ्याशी झुंजत, उत्तर अटलांटिक एकट्यानं ओलांडणारा तो पहिला. त्याच्या विमानाचं नाव होतं ‘द हार्ट्स कंटेंट’. आपल्या भाषेत ‘मनाचं समाधान’ म्हणू. तीन महिन्यांनी एमी जॉन्सननं आपल्या पुस मॉथमधून इंग्लंड ते केपटाउन हे अंतर सव्वाचार दिवसांत कापलं आणि आधीचा विक्रम मोडला. तो विक्रम कुणाचा? तर तिच्याच नवऱ्याचा, मॉलिसनचा.

हा झाला पोचलेल्यांचा इतिहास. आता दुसरा.

ऑक्टोबर १९३०मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एक पुस मॉथ हवेत मोडून पडलं. ५ मे १९३१ रोजी दक्षिण आफ्रिकेत ड्रेकेन्सबर्गच्या डोंगरांवर ग्लेन किडस्टन या नावाजलेल्या वैमानिकाचं विमान धुळीच्या वादळात सापडून तुटलं. एक महिन्यापूर्वीच हा माणूस इंग्लंडहून केपटाउनला विक्रमी वेळात, दुसऱ्या एका विमानानं पोचला होता. हे पुस मॉथ तर त्यानं कुणाकडून तरी मागून घेतलेलं. जुलै १९३२मध्ये खुद्द इंग्लंडमध्ये एक विमान असंच तुटलं. १८ सप्टेंबर १९३२ रोजी ऑस्ट्रेलियात बायरन बेजवळ आणखी एक. त्यात प्रवासी म्हणून बसलेला लेस होल्डन गेला. पहिल्या महायुद्धातून जिवंत परतलेला हा वैमानिक. १९२९ साली रानात हरवलेलं किंग्सफोर्ड स्मिथचं विमान यानंच शोधून काढलं होतं. दुसऱ्यांना शोधणारा असा गेला.

१९३० ते १९३३ या काळात असे आठ-नऊ अपघात झाले. इंजिन बंद पडलं, वाट चुकली, इंधन संपलं, असली कारणं नव्हेत. चांगलं चाललेलं विमान उडता उडता तुटत होतं. पंख निखळत होता. विमान पडलं की चौकशी व्हायची, तुकडे गोळा व्हायचे. हवा वाईट होती, वादळ होतं, हेही खरंच असायचं. पण त्याच वादळातून दुसरी विमानं सुखरूप जात होती. मग यालाच काय होतं?

हे कोडं मला सुटेना. तेव्हा आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे एक सर मदतीला आले. त्यांनी टेबलाच्या कडेवर लाकडी पट्टी धरली, अर्धी आत, अर्धी बाहेर, आणि बाहेरच्या टोकाला टिचकी मारली. पट्टी थरथरली आणि थांबली. सर म्हणाले, ‘‘ही थांबली, कारण टिचकी एकच होती. समजा, प्रत्येक थरथरीला वारा नवी टिचकी मारत राहिला तर? आणि ती नेमक्या तालात?’’ दोरीवर वाळत घातलेली चादर आठवा. वारा बेताचा असतो तेव्हा ती नुसती झुलते. एका ठरावीक वेगानंतर ती फडाफडा आपटायला लागते आणि चिमटे उडून जातात. विमानाचा पंखही तसाच. एका मर्यादेपर्यंत हवेचा झटका तो पचवतो. वेग वाढला आणि त्यात झटका बसला, की पंख पिळवटतो. पिळवटला की हवा त्याला आणखी पिळवटते, आणि काही क्षणांत सगळं संपतं. इंग्रजीत याला जो शब्द आहे, त्याला आपल्याकडं सरळ ‘फडफड’ म्हणतात. पतंगाची होते तीच.

ब्रिटनच्या संशोधन संस्थांनी यावर काही वर्षं खर्ची घातली. वाऱ्याच्या बोगद्यात नमुने तपासले, गणितं मांडली, मोडक्या तुकड्यांवरच्या खुणा वाचल्या. पुस मॉथच्या पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरप्या दांड्या होत्या. त्यातली पुढची दांडी हवी तेवढी ताठ नव्हती. उपाय काय केला? त्या दांडीला मध्येच आधार देणारी एक छोटी जोडदांडी बसवली. बस्स. पन्नास वर्षं अंगणात उभ्या असलेल्या मांडवाला आपण एक जादा टेकू देतो, तेवढीच गोष्ट. त्या एका टेकूसाठी किती माणसं गेली! आणि तो टेकू बसल्यावर किती माणसं वाचली, ते मोजायला मात्र कुणी बसत नाही. वाचलेल्यांची यादी कुठंच नसते.

या दोन इतिहासांच्या अगदी मधोमध १५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस येतो. बायरन बेच्या अपघाताला २७ दिवस झाले होते. कोड्याचं उत्तर अजून मिळायचं होतं.

इंग्लंडहून येणारं हवाई टपाल इंपीरियल एअरवेजची विमानं कराचीपर्यंत आणून टाकत. तिथून पुढं मुंबई-मद्रासकडं ते विमानानं न्यावं, ही कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाची. ती घेऊन तो टाटांकडं आला. सर दोराबजी टाटांनी २ लाख रुपये घालायला संमती दिली. एवढ्या भांडवलात आली दोन पुस मॉथ विमानं. जुहूला एक झापांची शेड उभी राहिली. जुहूचं मैदान समुद्रसपाटीशी लागलेलं. पावसाळ्यात त्याचं तळं व्हायचं. पुढं पावसाळा आला की सगळं बिऱ्हाड पुण्याला येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर हलवत.

त्या दिवशी सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून २८ वर्षांचे जे. आर. डी. एकटेच निघाले. सोबत सुमारे २५ किलो टपाल. रेडिओ नाही, दिशा दाखवणारं फारसं साधन नाही. सिंधूचा मुलूख मागं टाकायचा, कच्छचं रण ओलांडायचं, मग गुजरात. ऑक्टोबरच्या उन्हात जमीन तापली की हवेचे लोट वर येतात आणि हलकं विमान होडीसारखं वरखाली होतं. अहमदाबादला उतरले तेव्हा इंधन आलं ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांत. हे दृश्य मी पुष्कळदा मनात उभं करून पाहतो. एका बाजूला पंख आणि दुसऱ्या बाजूला बैल, आणि मध्ये टपालाची थैली. डबे रिकामे झाले आणि विमान पुन्हा उडालं. दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी ते जुहूला उतरलं. मुंबईचं टपाल इथं उतरवून घेतलं आणि उरलेलं घेऊन व्हिन्सेंट दुसऱ्या पुस मॉथमधून बेल्लारीमार्गे मद्रासला गेला.

पहिल्या वर्षात या छोट्या सेवेनं सुमारे १ लाख ६० हजार मैल उड्डाण केलं, जवळपास १० टन टपाल आणि १५५ प्रवासी नेले. वेळेची चूक नाही. १९४६ साली त्याच सेवेची ‘एअर इंडिया’ झाली, १९५३ साली ती सरकारकडं गेली आणि जानेवारी २०२२मध्ये परत टाटांकडं आली. हे सगळं वर्तमानपत्रांतून तुम्ही वाचलेलं आहे. मला सांगायचं आहे ते वेगळं. आज मागं वळून पाहताना तो प्रवास सोपा आणि ठरल्यासारखा वाटतो. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीत भीती उरत नाही. पण ज्या सकाळी ते विमान निघालं, त्या सकाळी त्याच्या पंखाखालची दांडी पुरेशी पक्की आहे की नाही, हे ते बांधणाऱ्यांनाही नीट माहीत नव्हतं. कराचीहून निघालेलं विमान आणि बायरन बेला पडलेलं विमान, दोघं एकाच घराण्यातली. एकाला इतिहासाचं पहिलं पान मिळालं, दुसऱ्याला चौकशी अहवालातला एक परिच्छेद. मला वाटतं, दोन्ही पानं एकत्र शिवली तरच वही पुरी होते.

१९३३ साली डी हॅविलंड यांनी पुस मॉथचा धाकटा भाऊ आणला, ‘लेपर्ड मॉथ’. जुन्याचे धडे त्याच्या अंगात मुरलेले. अंग पोलादी नळ्यांऐवजी प्लायवूडचं, त्यामुळं हलकं आणि ऐसपैस. १९६२ साली पहिल्या टपाल-उड्डाणाला ३० वर्षं झाली, तेव्हा आणि पुन्हा १९८२ साली जे. आर. डीं.नी कराची-मुंबई उड्डाण केलं ते या लेपर्ड मॉथमधून. म्हणजे त्या संध्याकाळी आमच्या पडवीत ज्याची बातमी ऐकली, ते विमान पुस मॉथ नव्हतंच, त्याचा वारस होता. हे कळलं तेव्हा मी थोडा खट्टू झालो. मग वाटलं, बरंच झालं. न पोचलेल्यांनी शिकवलेलं घेऊन पोचणाराच खरा वारस.

पुस मॉथच्या मंडळींचं पुढं काय झालं? हिंकलर जानेवारी १९३३मध्ये आपल्या त्याच पुस मॉथसह इटलीच्या डोंगरात कोसळला. बर्फ वितळल्यावर एप्रिलअखेर त्याचा देह सापडला. व्हिन्सेंट १९४२ साली इंग्लंडहून भारताकडं विमानानं येताना गेला. जे. आर. डी. १९९३पर्यंत जगले. परवान्यांच्या नशिबात काय लिहिलेलं असतं, हे शायरांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं आहे. पण शायर दिव्यावर जळणाऱ्याबद्दल बोलतात. पलीकडं जाऊन निरोप पोचवणाऱ्या परवान्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं नाही.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईची तरुण वैमानिक आरोही पंडित हिनं त्या पहिल्या उड्डाणाची आठवण म्हणून एक छोटं विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. पण ते निघालं कराचीहून नव्हे, भूजहून. १९७१च्या युद्धात माधापरच्या बायकांनी रात्रंदिवस खपून ज्याची धावपट्टी दुरुस्त केली, तेच भूज. मे २०२५पासून तर पाकिस्तानातून येणारं टपालही भारतानं थांबवलं आहे. विमानं आता कितीतरी मोठी आणि कितीतरी भरवशाची झाली. पंख तुटण्याचं भय जवळजवळ उरलं नाही. २५ किलो टपाल घेऊन निघालेल्या त्या हलक्या विमानाला मात्र वाटेत एकही सरहद्द लागली नव्हती.

खाला जाऊन बरीच वर्षं झाली. अब्बा गेले, मग अम्मीही. तिच्या पेटीत खालाच्या पत्रांचा एक गठ्ठा निघाला, पिवळ्या पडलेल्या फडक्यात बांधलेला. अक्षर उर्दू, बोली मात्र आमच्या खाडीकाठची. भाताचं कसं काय, आंबा मोहरला का, कुणाच्या घरी बाळ झालं, असल्याच गोष्टी. मी ती पत्रं वजनकाट्यावर ठेवून पाहिली. अब्बांची सवय, दुसरं काय! सगळी मिळून पाव किलोसुद्धा भरली नाहीत.

कधी कधी वाटतं, त्या २५ किलोंमध्ये असली किती पत्रं असतील. ती लिहिणाऱ्यांना दांडी, फडफड, उलटं इंजिन यातलं काही ठाऊक नव्हतं. आपलं पत्र कुणीतरी पलीकडं नेईल, एवढाच त्यांचा विश्वास. आणि एक माणूस कापडाच्या पंखांवर बसून, तो पंख टिकेलच याची हमी नसताना, तो विश्वास घेऊन निघाला होता. पंखांसाठी परवाना लागतो, हे अब्बांनी शिकवलं. पंख असणाऱ्यालाच परवाना म्हणतात, हे अम्मीनं. मला वाटतं, दोघांचंही बरोबर होतं.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)